उजव्या हातावरचा शिक्का

संध्याकाळचे पाच वाजले होते. एग्मोरच्या इस्पितळाच्या फाटकात भवानीनं हात मागे घेतला.

"उजवा हात, अम्मा," फाटकावरचा शिपाई पुन्हा म्हणाला. त्याच्याकडे जांभळ्या शाईत भिजलेला रबरी शिक्का होता. भेटीला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर तो उमटायचा. शिक्का नसलेल्याला आत सोडत नसत.

दुसऱ्या मजल्यावर तिची आई, राजसबाई, पडून होती. साडेसहाला पोटाची शस्त्रक्रिया होती आणि डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नव्हती. भवानीनं येशूचा स्वीकार केला, आईच्या देव्हाऱ्यात सैतान बसलाय असं तिला तोंडावर सांगितलं आणि घर सोडलं, त्याला चार वर्षं झाली होती. आज सकाळी धाकटा भाऊ जनकोजी वेस्ट मांबलमला तिच्या खोलीवर आला. "अक्का, आईला तुला एकदा बघायचंय," एवढंच बोलला.

आखातात युद्ध पेटलं होतं. प्रार्थनासभेत उपदेश करणारे ब्रदर दर रविवारी सांगत होते, शेवटचा काळ आला. पवित्र शास्त्रात लिहिलेली श्वापदाची खूण उजव्या हातावर नाहीतर कपाळावर मारली जाईल, आणि जो ती घेईल तो कायमचा सैतानाचा होईल. आधी ती क्षुल्लक वाटेल. "आणि ती घ्यायला लावताना सैतान तुमच्या सर्वांत जवळच्या माणसाला पुढं करील." भवानीला हे वाक्य पाठ होतं.

तिनं डावा हात पुढं केला.

शिपाई दुखावला. "डावा? आजाऱ्याकडे जाताना? आणि तेही शुक्रवारी? असलं अशुभ माझ्या हातून नाही व्हायचं."

रांगेतली एक म्हातारी खेकसली, "दे की गं हात! धुतला की जातो. कपाळावर गोंदतायत का तुझ्या?"

भवानी रांगेतून बाहेर पडली.

वरच्या व्हरांड्यातून तिला बघून जनकोजी धावत खाली आला. त्यानं आपला हात तिच्यापुढं धरला. "शाई आहे, अक्का. बघ, मी राक्षस झालो का?"

एरवी ती म्हणाली असती, तू जन्मापासूनच आहेस. आज तिला हसू आलं नाही.

"मी इथूनच तिच्यासाठी लढते," ती म्हणाली. "तू वर जा."

फाटकाबाहेरच्या कडुनिंबाखाली ती उभी राहिली. डोळे मिटले. आईला धरून बसलेल्या दुष्ट आत्म्याला तिनं येशूच्या नावानं हुकूम केला, सोड. त्या शिक्क्यालाही केला. लोक बघत होते, कोणी हसलंही. तिनं डोळे उघडले नाहीत.

घंटा झाली तेव्हा सहा वाजले होते. माणसं बाहेर पडू लागली. भवानीचे गाल ओले होते. ब्रदरांचं वाक्य आठवायला गेली, तर आईचा चेहराच समोर आला. ती गर्दी कापत फाटकाशी गेली आणि उजवा हात पुढं केला.

"मारा."

शिपायानं शाईची डबी मिटली होती. "आता उद्या चारला, अम्मा."

हात तसाच धरून ती उभी असताना जनकोजी बाहेर आला.

"आई आली होती," तो म्हणाला.

"कुठं?"

त्यानं दुसऱ्या मजल्याच्या व्हरांड्याकडे बोट केलं. "तू का वर येत नाहीस ते सांगितलं तिला. म्हणाली, मला तिकडं ने. कठड्याला धरून उभी राहिली. बराच वेळ. तुझे डोळे मिटलेले."

"हाक का नाही मारलीस?"

"मारणार होतो. तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाली, ती देवाशी बोलतेय, मोडू नकोस."

साडेसहाला राजसबाईंना आत नेलं. साडेआठ वाजले तरी शस्त्रक्रियेच्या खोलीचं दार उघडलं नव्हतं. भवानी कडुनिंबाखाली उभी होती, रिकाम्या कठड्याकडे बघत. डोळे उघडे होते.