तारा की अलाइनर?

दातांच्या डॉक्टरांकडून आई दोन पत्रकं घेऊन आली. जेवताना तिनं विचारलं, "दात सरळ करायला तारा बसवू, की ते न दिसणारे अलाइनर?"

दादाला ठसकाच लागला. "आई, साठी आली तुझी! आता कोण बघणार आहे तुझे दात?"

मीही हसले. आईसुद्धा हसली, नेहमीसारखी तोंडावर हात धरून. पत्रकं खणात गेली.

आई जाऊन आज आठवडा झाला. तोंडावर हात नसलेला तिचा एकच फोटो सापडला. तो मोठा करून घ्यायला आम्ही दोघं स्टुडिओत गेलो.



"फ्रेम कुठलीही चालेल," दादा म्हणाला, "आईचे दात तेवढे सरळ करून द्या. हॉलमध्ये लावायचाय, चार लोक बघतात."