केळवणाला कोबी

“आत्या, शालूवरचा ब्लाउज दंडात अडकतोय गं! उद्या माझ्या केळवणाला फक्त कोबी कर, नाहीतर लग्नात मला शाल पांघरून उभं राहावं लागेल,” भाचीनं फोनवरून गळ घातली.

शकूआत्याच्या हातात पुरणयंत्र तसंच राहिलं. मामीनं बासुंदी वाढली होती, थोरल्या काकूनं श्रीखंड. त्या दोघींवर मात करायची, ती काय कोबी वाढून? शिवाय होणारे जावईही जेवायला येणार. सासरी जाऊन सांगतील, आत्यानं कोबीवर बोळवण केली!

पण लाडक्या भाचीपुढे आत्याचं काही चालेना. दुसऱ्या दिवशी तिनं हरभऱ्याची डाळ घालून कोबीची भाजी केली, कोबीचीच पचडी केली आणि अब्रू झाकायला हलवायाकडून जिलेबी आणली.

नवरदेवानं जिलेबीच हळूच बाजूला सारली.

“रागावू नका हं आत्या,” तो ओशाळून म्हणाला, “शेरवानीचं बटण माझंही लागत नाहीये. रोज गोड खाऊन जीव जड झालाय. कोबी अजून आहे का?”

दोघांनी मिळून कढई पुसून काढली.

संध्याकाळी धाकट्या भावजयीचा फोन आला. पुढचं केळवण तिच्याकडे होतं. “वन्सं, जावयांनी तुमच्यासारख्या कोबीची फर्माईश केलीय. कसा केलात हो?”

“त्यात काय एवढं!” म्हणत आत्यानं फोडणीपासून ओल्या खोबऱ्यापर्यंत सगळी कृती मोकळ्या मनानं सांगितली. शेवटी लिंबू पिळायचं, तेवढं मात्र सांगितलं नाही.