निळं पाणी

“म्हणजे वीज आणि पाणी एकाच पेटीत?” न्या सुनिल्दानं विचारलं आणि खुर्ची जरा मागं सरकवली.

आर्सेनियोला हसूही आलं आणि रागही. सिउदाद देल एस्तेच्या बाजारात गेमिंगचे कॉम्प्युटर बांधण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण उन्हाळ्यात शेजारच्या एर्नान्दारियास गावात एक पोरगा असल्याच पेटीला हात लागून मेला, आणि सगळ्यांनी पाण्याचा धसकाच घेतला. पाणी गळलं म्हणे! ज्यांना पंखा आणि पंप यातला फरक कळत नाही, तेसुद्धा छातीठोकपणे सांगत. तेव्हापासून त्याच्या गाळ्यावर पाण्याची पेटी मागायला ही पहिलीच बाई आली होती. पन्नाशीची, मानानं ‘न्या’ म्हणावं अशा वयाची, काळ्या पोशाखातली, पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेली.

“न्या सुनिल्दा, पाणी विजेला शिवतच नाही,” तो म्हणाला. “हा प्रोसेसर, म्हणजे पेटीचा मेंदू. खेळताना तो तापतो. त्याच्यावर तांब्याचा ठोकळा बसवायचा, त्यातून पाणी खेळवायचं. पाणी उष्णता घेऊन जाळीत जातं, गार होऊन परत येतं. चाळीस डिग्रीत आपल्याला गारेगार तेरेरे लागतो ना, तसंच त्याचं.”

त्यानं तेरेरेचा पाला भरलेल्या शिंगाच्या पेल्यात बर्फाचं पाणी ओतून तिच्यापुढं धरलं. तिनं नळीनं ओढून पेला परत दिला. मग पर्समधून वहीचा एक कागद काढला.

“यात लिहिलंय तसंच हवं.”

अक्षर पोराचं होतं. आर्सेनियो वाचता वाचता खूश झाला. नळीची जाडी, जाळीची लांबी, पाण्याचा रंगसुद्धा. निळा.

“नुसतं खेळायलाच ना? व्हिडिओ वगैरे नाही बनवत?”

“नुसतं खेळायला. मित्रांशी बोलत, आरडाओरडा करत.”

“मग आठ कोरचा लिहिलाय तेच बरोबर. सोळाचा उगाच तापतो, खेळात त्याचा काडीचा उपयोग नाही. पण हा गेल्या वर्षीचा आहे. याच जातीतला नवा आलाय, तो घालू?”

“नको. तोच.”

“बरं, तोच. पोरगं हुशार आहे हो तुमचं!”

न्या सुनिल्दानं कागद परत घेतला आणि घडीवर घडी घालत बसली.

“त्याच्या बापाला नाही वाटत तसं. बाप म्हणतो, त्याला नको तिथं हात घालायची खोड. आमच्या घरात रोज तेवढ्यावरूनच भांडण पेटतं. जेवण तसंच राहतं ताटात.”

“बापांचं काय मनावर घेता!”

“उस्ताद, मला एकच सांगा. यानं माणूस मरतं का?”

आर्सेनियोनं छातीवर हात ठेवला. “माझ्या हातच्या पेटीनं नाही मरत.”

शनिवारी ती आली तेव्हा पेटी टेबलावर तयार होती. प्रत्येक जोडाखाली त्यानं पांढरा कागद अंथरला होता. बाकी सगळी वीज बंद ठेवून चार दिवस नुसता पंप चालवला होता. असली मेहनत बाजारात दुसरं कोणी घेत नसे, आणि त्याचा त्याला अभिमान होता.

“हात लावून बघा. आहे का एक थेंब?”

तिनं एकेका कागदावरून बोटं फिरवली. कागद कोरडे ठणठणीत होते.

“पाण्यानं नाही,” ती पुटपुटली.

“तेच तर मी घसा फोडून सांगतोय! आता तुम्हीच सांगा लोकांना.”

त्यानं वीज लावायची नवी कोरी वायर उलगडली. तिच्या टोकाला तीन पिनांचा प्लग होता.

“घरात बोर्डाला भोकं किती?”

“दोन.”

“सगळ्यांकडे दोनच!” आर्सेनियोनं पक्कड उचलली आणि तिसरी, अर्थिंगची पिन मुळातून कापली. पिन टणकन फरशीवर पडली. मग ड्रॉवरमधून बायकोची जुनी नेलपॉलिशची बाटली काढून त्यानं कापल्या जागी लाल ठिपका लावला. “धार बोटाला लागायला नको. बाकीचे दुकानदार नुसती पिन कापून मोकळे होतात. हा ठिपका फक्त माझ्याकडे मिळतो.”

“सगळ्यांनाच देता असं करून?”

“अगदी सगळ्यांना. न मागता.”

“त्यानं काही होत नाही?”

“काय व्हायचंय? पेटीला हात लागला तर कधी मुंगी चावल्यासारखं वाटतं. चपला घालून बस म्हणावं.”

“तो अनवाणीच असायचा,” न्या सुनिल्दा म्हणाली. “उकाड्यात फरशीवर पाणी ओतून बसायचा.”

आर्सेनियो ठिपक्यावर फुंकर घालत होता. तो वाळल्यावर त्यानं प्लग टेबलावर ठेवला आणि पेला भरून तिच्यापुढं केला.

“आभार,” असं म्हणून तिनं तो न पिताच परत दिला. आता पुरे, असं आपल्याकडे याच शब्दानं सांगतात.

मग तिनं पर्स उघडली. हातरुमालाची गाठ सोडली आणि आतली वस्तू नव्या प्लगशेजारी ठेवली. तोही प्लगच होता, मागं वीतभर वायर राहिलेला. ती वायर कोयत्यानं तोडली होती, घाईघाईनं, दोन-तीन घावांत. पुढं दोन पिना होत्या. तिसरीच्या जागी लाल ठिपका होता.

“त्याचा बाप अजून म्हणतो,” ती म्हणाली, “की ही पिन पोरानंच कापली.”