अकरावा सहा

"गुन्वोर, हा सहा अकरा ठिकाणी का लिहिला होता?"

राग्नानं विचारून टाकलं. मैत्रिणींनी सकाळीच डिवचलं होतं, विचारूनच दाखव तिला, तिच्यापुढे तुझी नेहमी दातखीळ बसते. घ्या, विचारलं.

शाळेनं नेमून दिलेल्या कामाच्या आठवड्याचा आज शेवटचा दिवस, शुक्रवार. खाडीकाठच्या त्या ऑफिसात माणसं तीनच. गुन्वोर कंपनी चालवायची, तोर्लेइफ प्रोग्राम लिहायचा आणि राग्ना चुका शोधायची. नॉर्वेत साहेब-मॅडम कुणी म्हणत नाही, सगळं नावानं आणि अरे-तुरे. तरी पहिल्याच दिवशी गुन्वोरनं बजावलं होतं, कामात लाड नाहीत.

प्रोग्राम सॅल्मनच्या पिल्लांच्या टाक्या राखायचा. पाण्यातला प्राणवायू लिटरला सहा मिलिग्रॅमच्या खाली गेला की भोंगा वाजायचा. नवी पिल्लं नाजूक, म्हणून गिऱ्हाइकानं, समोरच्या बेटावरच्या मत्स्यशेतीनं, सहाचा सात करून घेतला होता. कालच तो बदललेला प्रोग्राम बेटावरच्या यंत्रात बसवून झाला. आज दोन वाजता टाक्यांत पिल्लं सोडणार होते. हे काम हातचं गेलं तर ऑफिसला कुलूप, हे तिघांनाही ठाऊक होतं.

शाळेत पायथॉन ही प्रोग्रामची भाषा शिकताना राग्नानं एक गोष्ट मनात पक्की केली होती. असला आकडा एकदाच लिहायचा, एकाच फाइलीत, त्याला नाव देऊन. बाकी सगळीकडे नुसतं नाव वापरायचं. तोर्लेइफनं आकडाच जागोजागी ठोकून दिला होता.

"बदललेत की सगळे," तो म्हणाला. "मोजून घे हवं तर, फौजदारीणबाई."

तिनं मोजलेच होते. दहा बदलले होते. अकरावा नेमका भोंग्याच्या फाइलीत होता. तिनं साडेसहा घालून चालवून दाखवलं. पडदा लालभडक झाला आणि भोंगा ढिम्म.

तोर्लेइफचे कान लाल झाले. दुरुस्ती मिनिटाची होती, पण ती बेटावरच्या यंत्रापाशी जाऊनच करायची, आणि बोट आता सोमवारी. सोमवारी गुपचूप जाऊन बदलून येऊ, असं तो पुटपुटला. शनिवार-रविवारी तिथे पडदा बघायला कुणी नसतं, हे राग्नानं सांगितलं तेव्हा त्यानं ब्राऊन चीजचा पाव तिच्यापुढे सरकवला, लिव्हरचं वाटण लावलेला स्वतःकडे ओढला आणि खायला लागला.

"चाळीस हजार पिल्लं आहेत, गुन्वोर," राग्ना म्हणाली.

"आणि गिऱ्हाइकाला कळलं तर काम जातंय." गुन्वोरचा आवाज जराही चढला नाही. "तू इथे आठवड्यापुरती आलीयेस. हे या खोलीतच राहील."

राग्ना फोन घेऊन धक्क्यावर गेली. दीड वाजला होता. पाणी काळंभोर, हात गार. आई-बाबांना आधी सांगितलं तर ते अडवणार, हे तिला पक्कं माहीत होतं. ठरलं मग. फोन आधी, आई-बाबा नंतर.

चार मिनिटांनी ती परत आली आणि तिनं दार लावून घेतलं. गुन्वोर आणि तोर्लेइफ, दोघांनीही मान वर केली.

"आई, बाबा," ती म्हणाली, "मी बेटावर फोन करून सगळं सांगितलंय. आज पिल्लं सोडत नाहीयेत."