निळी बाटली

"रिंगण केवढं आलं या खेपेला?" आश्रुबांनी लेकीला विचारलं. घशातल्या कॅन्सरच्या गाठीनं त्यांचा आवाज फाटला होता.

"चौदा मिलिमीटर," सत्यशीला म्हणाली. परभणीच्या कॉलेजात ती तांब्याची संयुगं बनवायची. जंतू वाढवलेल्या काचेच्या बशीत त्यांचा थेंब ठेवला की भोवतीचे जंतू मरत आणि तेवढं रिंगण स्वच्छ दिसे.

"मग मला दे की थोडं."

"बाबा, ते जंतूंवर चालतं. परदेशात प्लॅटिनमचं एक औषध गाठीवर चालायला लागलंय म्हणतात. आमचं तांबं चालेल का, ते आधी उंदरांवर बघावं लागेल."

"किती दिस?"

"दोन-तीन वर्षं."

"तवर उंदीर ऱ्हाईल, मी न्हाई. मुंबईच्या डॉक्टरनं हात टेकलेत. उंदरापेक्षा हलका हाय का मी?"

शाळेत असताना तिनं मोरचुदाच्या, म्हणजे तांब्याच्या क्षाराच्या, निळ्या पाण्यात बाबांची शिवायची सुई बुडवली होती. लोखंडाच्या सुईवर तांबं चढलं. ताडकळसच्या बाजारात शिलाई मशीन सोडून ते गिऱ्हाइकागणिक सुई दाखवत सुटले होते, "माज्या लेकीनं केली!"

पुढच्या शनिवारी एसटीत बसण्याआधी ती कॉलेजातली रिकामी बाटली घेऊन भुजंगच्या बर्फगोळ्याच्या गाड्यापाशी जरा थांबली. घरी पोचल्यावर तिनं निळ्या पाण्याची बाटली बाबांच्या हातात दिली.

"रोज एक चमचा. कुणाला सांगू नका."

आठ दिवसांनी ते म्हणाले, "संपली. कडू न्हाई, पण लय गुण हाय माय. पुढच्या शनवारी येशील ना दुसरी घेऊन?"

पूर्वी तिला दोन-दोन महिने घरी यायला जमत नसे. आता एकही शनिवार चुकला नाही. दोघं उंबऱ्यात बसत. ते रिंगणाचं विचारत, ती आकडा सांगे.

अकरा बाटल्या झाल्या. बाराव्या शनिवारी ती पोचली, तेव्हा दारात माणसं जमली होती.

बाबांच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर आईनं फळीवरच्या बाटल्या खाली काढल्या. "दहा धुवून ठेवल्यात. कॉलेजच्या हायत, तिला परत दे म्हनायचे."

सत्यशीलाला बाटल्यांकडं बघवेना.

"आन् ही पहिली. हिला हात लावू दिला न्हाई. तू आणलीस त्याच दिवशी सुई टाकली हिच्यात, आन् बसले बघत."

तळाशी बोटभर निळं पाणी होतं. त्यातली सुई गंजली होती. तांब्याची झाली नव्हती.