रविवारी जड होणारं स्टिअरिंग

सांडोरच्या ॲन्सेल्मचा जुना ट्रक आठवडाभर केळी वाहायचा, तेव्हा स्टिअरिंग लोण्यासारखं फिरायचं. रविवारी चर्चमध्ये मिस्साला निघताना मात्र ते दगड व्हायचं. "आपण आंघोळ करून जातो, मग ट्रकनं पारोसं का जावं?" म्हणत ॲन्सेल्म पहाटे त्याला साबण लावून धुवायचा, आणि तरी हे असं! मग उसासा टाकून तो बायको रेजिनाला आणि मुलीला रिक्षात बसवायचा आणि दुरुस्तीसाठी घरीच थांबायचा. सोमवारी मेकॅनिककडे नेलं, की स्टिअरिंग पुन्हा झक्क.

या रविवारी लेक जीनानं हट्टानं बोनेट उघडलं आणि ती किंचाळलीच.

"मम्मी, सापडलं! स्टिअरिंगच्या पंपाचा बेल्ट साबणाच्या पाण्यानं निथळतोय! तो नुसता घसरतो, पंप फिरत नाही, म्हणून स्टिअरिंग जड!"

तिनं बेल्ट खसाखसा पुसला, उडी मारून ट्रकमध्ये बसली, इंजिन सुरू केलं. "बघ, एका बोटानं फिरतंय!"

रेजिनानं टाळ्याच पिटल्या. मग टाळ्या थांबवून ती नवऱ्याकडे वळली.

"ट्रकला आंघोळ घालता ते ठीक. पण त्यासाठी बोनेट कशाला उघडता?"