मागची सीट

बाई पुढची सीट वाकवून सरळ मागे जाऊन बसल्या, आणि विक्रेता सावध झाला.

उघड्या टपाची ही चिमुकली, महागडी गाडी कोण घेतं, हे त्याला पाठ होतं. मुलं मार्गी लागलेली, केस विरळ झालेले आणि हौस मात्र अजून दाट असलेले गृहस्थ. आजचे दातांचे डॉक्टर त्यातलेच. जन्मभर लोकांच्या तोंडात डोकावून झालं होतं, आता त्यांना जरा आभाळ बघायचं होतं. ही गाडी त्यांना मनापासून हवी होती. याआधी दोनदा येऊन ते नुसतेच स्टिअरिंगवरून हात फिरवून गेले होते. पण बायकोच्या होकाराशिवाय त्यांच्या घरात साधी खुर्चीही येत नसे. म्हणून आज जोडीनं आले होते.

बायको बरोबर आली की खोट एकच निघते: मागे माणूस मावत नाही. त्यावर विक्रेत्यानं तोड काढली होती. शोरूम उघडण्याआधीच तो पुढच्या दोन्ही सीट पार पुढे सरकवून ठेवायचा. मग मागे ऐसपैस जागा दिसायची. लबाडी खरी, पण पोटासाठी माणूस काय काय करतो!

"बसतं की इथे माणूस," बाई म्हणाल्या.

"अगदी आरामात, मॅडम!" विक्रेत्याचा जीव भांड्यात पडला.

बाईंचा चेहरा मात्र उतरला. "बरं. बघू मग. घाई काय आहे?"

'बघू' म्हणजे 'नाही', हे कळायला विक्रेता असावं लागत नाही. नवरा असलं तरी पुरतं. डॉक्टरांचं तोंड एवढंसं झालं.

"निदान एकदा बसून तरी बघतो," असं पुटपुटत ते पुढे शिरले. माणूस उंच. गुडघे स्टिअरिंगला टेकले. त्यांनी खाली चाचपून खटका ओढला आणि सीट धाडकन मागे नेली.

"अगं आई गं!" मागून आवाज आला.

विक्रेत्यानं डोळेच मिटून घेतले. बाईंचे गुडघे हनुवटीला भिडले होते आणि पर्सचा पापड झाला होता.

"थांब, थांब, पुढे घेतो," डॉक्टर गडबडले.

"हात लावू नका त्या सीटला!" बाई ओरडल्या. मग विक्रेत्याकडे वळून त्यांनी विचारलं, "खरं सांगा. हे असे पुढे बसले, तर मागे कोण बसणार?"

विक्रेता पार खचला. आता खोटं बोलून तरी काय उपयोग? "कुणीच नाही, मॅडम. मांजरसुद्धा अंग चोरून बसेल."

अडकलेल्या बाईंचा चेहरा फुलून आला.

"अहो, घेऊन टाका! लग्नाला एवढी वर्षं झाली, एकदा तरी वन्संना मागे न बसवता फिरायला जाऊ."